घटस्फोट झाला, आई-वडील गेले, मग विम्याचे पैसे कोणाला? आयुर्विम्याच्या नॉमिनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाचा हुकूम हातात येतो तेव्हा आणि आई किंवा वडील जातात तेव्हा विम्याचा कागद कोणाला आठवत नाही. पण पॉलिसीवरचं नॉमिनीचं नाव कालबाह्य होतं ते याच दोन प्रसंगांत. खालची उत्तरं भारतातल्या आयुर्विम्याबद्दल आहेत आणि मुख्यतः 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 39 वर आधारलेली आहेत. वारसांची उदाहरणं हिंदू उत्तराधिकार कायद्यातली घेतली आहेत. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारसाहक्काचे नियम वेगळे असतात, नॉमिनेशनचे नियम मात्र हेच.

घटस्फोट झाला की नॉमिनीचं नाव आपोआप रद्द होतं का?

नाही. कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम विमा कंपनीकडे आपसूक पोहोचत नाही आणि घटस्फोटामुळे नॉमिनेशन रद्द होईल अशी कोणतीही तरतूद कलम 39 मध्ये नाही. पंधरा वर्षांपूर्वी लग्नानंतर लगेच घेतलेल्या पॉलिसीवर बायकोचं नाव असेल, तर हुकूम झाल्यावरही कंपनीच्या नोंदीत तेच नाव राहतं. विमाधारक गेला की कंपनी त्याच नावाच्या व्यक्तीकडून दाव्याचे कागद मागते. अनेकांची समजूत असते की ‘आता तिचा-माझा संबंध संपला, म्हणजे कागदोपत्रीही संपला.’ विम्यापुरती ती समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत मुलांना किंवा म्हाताऱ्या आईला मोजावी लागते.

म्हणजे पैसे घटस्फोटित पत्नीचे किंवा पतीचेच होतात का?

कंपनीने पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि ते पैसे शेवटी कोणाच्या मालकीचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा फरक नीट समजून घ्या, कारण घराघरांतले बहुतेक वाद इथेच सुरू होतात.

1984 साली सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा असतो, मालकी वारसांची. तीस वर्षं हाच नियम चालला. मग 2015 च्या दुरुस्तीने कलम 39 बदललं. विमाधारकाने आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केलं असेल, तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभार्थी हक्कदार ठरते, म्हणजे पैसे तिचेच होतात, असं आता कायदा म्हणतो. ही दुरुस्ती मागच्या तारखेने, 26 डिसेंबर 2014 पासून, अमलात धरली जाते आणि पॉलिसी त्याआधीची असली तरी मृत्यू नंतरचा असेल तर ती लागू होते. भाऊ, बहीण, पुतण्या, मित्र या यादीत नाहीत. त्यांना नॉमिनी केलं तर ते आजही फक्त पैसे स्वीकारणारे.

आता घटस्फोटित जोडीदाराचं काय? नाव दिलं तेव्हा ती पत्नी होती, मृत्यूच्या दिवशी नव्हती. यातली कोणती तारीख धरायची, हे कलमात लिहिलेलं नाही. वारस म्हणतात, ‘ती आता पत्नी नाही, म्हणून फक्त पैसे स्वीकारणारी.’ ती म्हणते, ‘त्याने नाव बदललं नाही, म्हणजे त्याची इच्छा होती.’ दोन्ही बाजूंना वकील मिळतात आणि खटला चालत राहतो. वारसाहक्काने मात्र तिला काही मिळत नाही, कारण घटस्फोटानंतर ती विधवा म्हणून वारस ठरत नाही. मुलांचा हक्क मात्र घटस्फोटाने तसूभरही कमी होत नाही.

कायद्यात बदल झाला म्हणजे नॉमिनीच मालक, असं एजंट सांगतात. ते बरोबर आहे का?

कायद्याचे शब्द तसेच आहेत, पण न्यायालयांचं एकमत नाही. 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. लग्नाआधी आईला नॉमिनी केलेला मुलगा लग्नानंतर, मूल झाल्यानंतरही नाव न बदलता वारला. न्यायालयाने म्हटलं की वारसांनी दावा केला तर कलम 39 वारसाहक्काच्या कायद्यावर मात करत नाही, आणि आई, पत्नी, मूल अशा तिघांना समान वाटा दिला. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात नॉमिनी मालक नसतो हे पुन्हा ठामपणे सांगितलं, पण तो निकाल कंपनी कायद्याखालचा आहे, विम्याचा नाही. म्हणून ‘नॉमिनी आहे ना, मग झालं’ एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही एकाच दिशेने बोलत असतील तर भांडणाला जागा उरत नाही.

नॉमिनी बदलायला आधीच्या नॉमिनीची सही किंवा संमती लागते का?

लागत नाही. तिला कळवावंही लागत नाही. पॉलिसीची मुदत संपेपर्यंत नाव कितीही वेळा बदलता येतं. एलआयसीत त्यासाठी 3750 क्रमांकाचा फॉर्म आहे. इतर कंपन्यांत शाखेत किंवा त्यांच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. फक्त अर्ज देऊन थांबू नका. नोंद झाल्याचा लेखी कागद मागून घ्या आणि तो बॉण्डसोबत, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदासोबत, ठेवा. एजंटाच्या हातात फॉर्म दिला म्हणजे नोंद झाली असं होत नाही. कंपनीच्या दप्तरात नोंद झाली तरच बदल धरला जातो.

अपवाद एकच, विवाहित महिला संपत्ती कायद्याखालची पॉलिसी. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शाखेत न जाता मृत्युपत्रातच लिहून ठेवलं तर चालेल?

कलम 39 मध्ये मृत्युपत्राने नॉमिनेशन रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा आहे. पण पुढेच म्हटलं आहे की कंपनीला लेखी सूचना मिळालेली नसेल आणि तिने चांगल्या हेतूने जुन्या नॉमिनीला पैसे दिले, तर कंपनी जबाबदार राहत नाही. म्हणजे मृत्युपत्र कपाटात पडून राहिलं आणि पैसे आधीच दुसऱ्याच्या खात्यात गेले, तर तुमच्या मुलांना त्या व्यक्तीवर दावा लावून ते परत मिळवावे लागतील. मृत्युपत्र जरूर करा, पण शाखेतला फॉर्मही भरा.

घटस्फोटाचा खटला चालू आहे, आम्ही चार वर्षं वेगळे राहतो. या काळात मृत्यू झाला तर?

हुकूम होईपर्यंत ती कायद्याने पत्नी आहे आणि पूर्ण वारस आहे. वेगळं राहणं, पोटगीचा अर्ज, पोलिसांतली तक्रार, यांपैकी कशानेही हे बदलत नाही. संमतीच्या अर्जानंतर थांबण्याच्या मुदतीत कोणी गेलं तरी तेच. नॉमिनी मात्र तुम्ही खटला चालू असतानाही बदलू शकता, न्यायालयाने मनाई केली नसेल तर.

गावी पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे. ती धरली जाते का?

बहुतेक वेळा नाही. जमातीत तशी रूढी जुनी आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करता आलं तरच हिंदू विवाह कायदा ती मानतो. नाहीतर पहिली पत्नी कायद्याने पत्नीच राहते आणि दुसरी, जिने कदाचित वीस वर्षं संसार केला, ती वारस ठरत नाही. तिची मुलं मात्र कायद्याच्या नजरेत औरसच असतात. अशा घरात दुसऱ्या स्त्रीचं नाव नॉमिनी म्हणून आणि मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तिच्यावर फार मोठा अन्याय होतो. तिला वाऱ्यावर सोडू नका.

संमतीने घटस्फोट घेतोय. विम्याचं काय लिहून घ्यावं?

पोटगी आणि मुलांचा खर्च ज्याच्या पगारावर अवलंबून आहे, त्याच्या मृत्यूची तजवीज तडजोडीच्या अटींत असलीच पाहिजे. फ्लॅट, दागिने, मुलांना भेटण्याचे वार हे सगळं बारकाईने लिहिलं जातं आणि विमा राहून जातो. प्रत्येक पॉलिसीचा क्रमांक लिहा, हप्ता कोण भरणार ते लिहा, नॉमिनी कोण राहणार ते लिहा.

तरीही एक धोका उरतो. ‘मुलांना नॉमिनी ठेवीन’ असं लिहून देणारा पुढच्या महिन्यात नाव बदलू शकतो आणि कंपनी त्याला अडवणार नाही, कारण कंपनीला तुमच्या अटी माहीतच नसतात. न्यायालयाचा अवमान वगैरे नंतरच्या गोष्टी. माणूस गेल्यावर अवमान कोणाविरुद्ध चालवणार? म्हणून शक्य असेल तर कलम 38 खाली पॉलिसी पूर्णपणे हस्तांतरित करून घ्या, बोलीभाषेत ‘असाइन’ करून घ्या. मग पॉलिसीची मालकीच बदलते, जुनं नॉमिनेशन गळून पडतं आणि मूळ विमाधारकाला परस्पर काही करता येत नाही. हप्ता थकला तर पॉलिसी बंद पडेल, म्हणून हप्त्याच्या पावतीची प्रत दरवर्षी मिळेल अशी अटही घाला.

‘एमडब्ल्यूपी’ पॉलिसी म्हणजे काय? घटस्फोटानंतर ती बदलता येते का?

1874 च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याच्या कलम 6 खाली पुरुष स्वतःच्या आयुष्यावर पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या लाभासाठी पॉलिसी घेऊ शकतो. अशी पॉलिसी म्हणजे विश्वस्त निधी. तिच्यावर त्याला कर्ज देणाऱ्यांचा हक्क नाही आणि ती त्याच्या इस्टेटीतही धरली जात नाही. कलम 39 तिला लागू नाही. त्यामुळे पत्नीचं नाव लाभार्थी म्हणून घातलं असेल तर घटस्फोटानंतर केवळ आपल्या मर्जीने ते काढता येत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली तर मोठी सोय आहे. घटस्फोटित वडिलांना मुलांच्या नावाने नवी पॉलिसी या कायद्याखाली घेता येते. धंदा असणाऱ्यांनी, कर्जाला जामीन राहिलेल्यांनी तर घ्यावीच. मात्र हे प्रस्ताव भरतानाच सांगावं लागतं. चालू पॉलिसीवर नंतर हा शिक्का मारता येत नाही.

मुलं लहान आहेत. त्यांना नॉमिनी केलं तर पैसे शेवटी त्यांच्या आईच्याच हातात जाणार ना?

हा प्रश्न रागातून विचारला जातो, पण तो रास्त आहे, आणि आई-वडील दोघांकडूनही येतो. अल्पवयीन नॉमिनी असेल तर ‘अपॉइंटी’ नेमता येतो. मूल अठरा वर्षांचं होण्याआधी मृत्यू झाला तर पैसे अपॉइंटीला मिळतात, मुलासाठी म्हणून. अपॉइंटी नेमला नसेल तर कंपनी पालकाला शोधते आणि हयात असलेली आई किंवा वडील हेच नैसर्गिक पालक असतात, घटस्फोट झालेला असो वा नसो. भाऊ, बहीण, आत्या, मावशी, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांना अपॉइंटी करा. फॉर्मवर त्यांची सही लागते.

पण अपॉइंटी म्हणजे पालक नव्हे. मूल आईजवळच वाढणार असेल आणि पैसे काकांच्या ताब्यात असतील, तर शाळेच्या फीसाठी दरवेळी तिला हात पसरावे लागतील. याचा त्रास मुलाला होतो. रक्कम मोठी असेल तर मृत्युपत्रात विश्वस्त नेमून शिक्षणासाठी किती, कधी, कोणाला द्यायचे हे लिहून ठेवणं उत्तम. रक्कम साधारण असेल आणि दुसरा पालक मुलांशी नीट वागत असेल, तर जुना राग बाजूला ठेवून त्यालाच अपॉइंटी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घटस्फोटानंतर मी आईला नॉमिनी केलं. आता आई गेली. काय करू?

दिवस-कार्य आटोपलं की नवा नॉमिनी नोंदवा. नॉमिनी विमाधारकाच्या आधी गेला तर पैसे विमाधारकाच्या वारसांकडे जातात. वारस ठरवायला उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं, म्हणजे दिवाणी न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात नोटीस, कोर्ट फी आणि महिनोन्‌महिने वाट. दोन-तीन नॉमिनी असतील आणि एक गेला, तर हयात असलेल्यांना रक्कम मिळते.

घटस्फोटित, मुलं नसलेल्या माणसाने हे विशेष लक्षात घ्यावं. आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात, म्हणजे पहिल्या वर्गात कोणी नसेल तरच त्यांची पाळी. आई गेल्यावर वडील हयात असतील तर त्यांचं नाव नॉमिनी म्हणून घाला. बहीण तुम्हाला सांभाळत असेल आणि तिला पैसे मिळावेत असं वाटत असेल, तर नुसतं नॉमिनेशन पुरणार नाही. तिच्यासाठी मृत्युपत्र हवंच.

मुलगा गेला, आई नॉमिनी होती, पण पैसे मिळण्याआधी आईही गेली. आता हक्क कोणाचा?

दुरुस्त कायद्यानुसार आईसारख्या लाभार्थी नॉमिनीचा वाटा तिच्या वारसांकडे जातो. आईचे वारस म्हणजे तिची हयात मुलं-मुली, तिचा पती आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं. गेलेल्या मुलाची बायको त्यात नाही. म्हणजे नातवंडांना वडिलांच्या जागी एक वाटा मिळतो, सुनेला स्वतःच्या नावाने काही नाही, आणि दीर-नणंदांना पूर्ण वाटा. मुलाच्या मनात असं काही कधीच नसतं, पण न बदललेला एक फॉर्म हे घडवून आणतो. अशा वेळी दाव्याचे कागद घाईने कोणाच्या नावावर सही करून देऊ नका, आधी वकिलाला दाखवा.

आई-बाबांचा घटस्फोट माझ्या लहानपणी झाला. बाबा आता वारले. पॉलिसीवर अजून आईचंच नाव आहे. आम्ही भावंडं काय करू?

आई आणि तुमचे संबंध चांगले असतील तर सरळ रस्ता आहे. आई नॉमिनी म्हणून दावा करेल, रक्कम तिच्या खात्यात येईल, मग ती तुम्हाला देईल. आईने मुलांना दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. मृत्यूदाव्याची रक्कमही साधारणपणे करमुक्त असते.

बाबांनी दुसरं लग्न केलं असेल तर मात्र सगळ्या वारसांनी एकत्र बसायला हवं, कारण दुसरी पत्नी विधवा म्हणून वारस आहे, बाबांची आई हयात असेल तर तीही, आणि दोन्ही लग्नांची मुलंही. दुसरी पत्नीच नॉमिनी असेल तर कलम 39 तिच्या बाजूने आहे. पहिल्या लग्नाची मुलं वारस म्हणून दावा करू शकतात, पण हा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागेल, विमा कंपनीच्या काउंटरवर नाही.

बाबांच्या पॉलिसी किती, कुठल्या, हेच माहीत नाही. शोधायच्या कशा?

बँकेचं पासबुक घेऊन बसा, गेली तीन-चार वर्षं मागे जा. हप्त्याच्या वळत्या नोंदी दिसतील. वर्षातून एकदा, मेअखेरच्या सुमाराला 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, दोन लाखांची. 2022 पूर्वी हाच हप्ता 330 होता. 20 रुपयांची नोंद म्हणजे अपघात विमा. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यासाठी जुन्या पगारपावत्या पाहा. टपाल जीवन विमाही असू शकतो.

प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर बेवारस रकमा शोधण्याची सोय आहे, आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरूनही तिथे जाता येतं. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण त्यानंतरही 25 वर्षांपर्यंत मागता येते. ‘हप्ते थकले होते, बंद पडली असेल’ म्हणून बॉण्ड रद्दीत टाकू नका. काही वर्षं हप्ते भरलेल्या पारंपरिक पॉलिसीला मूल्य उरतं.

दाव्याला काय काय लागतं आणि किती दिवसांत पैसे येतात?

ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, मूळ बॉण्ड, नॉमिनीचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि कंपनीचा दाव्याचा फॉर्म. एलआयसीत तो 3783 क्रमांकाचा. बॉण्ड हरवला असेल तर क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे कंपनीचं नुकसान झालं तर ते भरून देण्याची लेखी हमी. अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. चौकशीची गरज नसेल तर 15 दिवसांत आणि चौकशी करायची असेल तर 45 दिवसांत निकाल लावावा असा नियामकाचा दंडक आहे. पॉलिसीला तीन वर्षं उलटली असतील तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही.

चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून कंपनीला थांबवता येतं का?

लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पण नुसत्या हरकतीवर कंपनी फार काळ थांबत नाही, न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो. तो मिळवायला उशीर करू नका. कंपनीच दिरंगाई करत असेल किंवा दावा नाकारत असेल तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपाल आहेत. 50 लाखांपर्यंतची तक्रार तिथे विनाशुल्क चालते. आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं.

पीएफ आणि ऑफिसच्या ग्रुप विम्याचं काय?

ते वेगळे कागद आहेत, वेगळे बदला. पीएफच्या नियमांत लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्दच धरलं जातं आणि कुटुंब असेल तर कुटुंबातल्याच व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. पीएफशी जोडलेला ईडीएलआय विमा सात लाखांपर्यंत मिळतो. ग्रुप विम्याचं नॉमिनेशन तुमच्या ऑफिसच्या एचआर पोर्टलवर असतं आणि रुजू होताना भरलेलं नाव तिथे तसंच राहिलेलं असतं.

गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेकडे तारण आहे. नॉमिनी बदलून उपयोग आहे?

आहे. बँकेचं देणं भागल्यावर उरलेली रक्कम नॉमिनीला मिळते.

आम्ही गोव्याचे. आमच्यासाठी हेच नियम?

विमा कायदा तोच. वारसाहक्क मात्र गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने ठरतो. लग्नात मालमत्ता सामाईक झालेली असू शकते आणि मृत्युपत्राने सगळं वाटून टाकता येत नाही, ठरावीक हिस्सा वारसांसाठी राखीव असतो. तिथल्या वकिलाचाच सल्ला घ्या.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याचा घटस्फोट तिथे झाला. तिथे आपोआप नाव जातं असं ऐकलं.

काही राज्यांत तसा कायदा आहे. पण नोकरीतून मिळणारा विमा बहुधा केंद्रीय कायद्याखाली येतो आणि 2001 मध्ये एगेलहॉफ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा विम्याला राज्याचा हा नियम लागू होत नाही, कागदावर ज्याचं नाव त्यालाच पैसे. त्याने तिथल्या नोकरीतला विमा आणि इथे सुट्टीत घेतलेली एलआयसी, दोन्हीकडची नावं स्वतंत्रपणे बदलावीत.

वडिलांच्या पॉलिसीवर माझं सासरचं आडनाव आहे. घटस्फोटानंतर मी माहेरचं लावते. दावा अडेल का?

अडत नाही, कागद थोडे वाढतात. लग्नाचा दाखला, घटस्फोटाच्या हुकमाची प्रमाणित प्रत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर बहुतेक शाखांत काम होतं. राजपत्रात नावबदल छापला असेल तर त्याची प्रत जोडा. आधार, पॅन आणि बँक खात्यावर नाव एकसारखं करून मगच दावा दाखल करा, नाहीतर मंजूर झालेले पैसे खात्यात जमा होताना परत जातात. वडील हयात असतील तर त्यांच्याकडूनच आजच्या नावाने नव्याने नोंद करून घेणं सगळ्यात सोपं.